लुई नेल : आल्या गावी रुजलेला शास्त्रज्ञ

आमच्या माळव्यात पाया खणला की काळा दगड लागतो. बांधकाम खात्याच्या नोकरीत हा दगड आम्ही कितीदा मोजला, किती वेळा बिलात चढवला. पण दगडालाही आठवण असते, हे आम्हांला फार उशिरा कळलं. ती आठवण कशी टिकते याचं गणित मांडणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाची, लुई नेल यांची, ओळख यंदा करून देत आहोत.

नेल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०४ रोजी ल्यों शहरात झाला. पॅरिसचं शिक्षण संपवून १९२८ मध्ये ते स्ट्रासबुर्गला पिएर वाइस यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. लोखंडात अणूंचे इवले चुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, हे वाइस यांनी सांगितलं होतं. नेल पुढे गेले. काही पदार्थांत शेजारशेजारचे अणू उलटसुलट उभे असतात, एकाचं बळ दुसरा खाऊन टाकतो, म्हणून बाहेरून चुंबकत्व जाणवत नाही, असं त्यांनी मांडलं. त्याचा थेट पुरावा मिळायला १९४९ साल उजाडलं.

मध्ये महायुद्ध आलं. समुद्रातले जर्मन सुरुंग जहाजाच्या चुंबकत्वाने फुटत. नेल यांनी जहाजांना पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या उलट चुंबकत्व देण्याची युक्ती काढली आणि फ्रान्सची शेकडो जहाजं सुरक्षित केली. पण १९४० मध्ये फ्रान्स पडला, स्ट्रासबुर्ग जर्मनीने गिळलं. बेघर झालेले नेल आल्प्सच्या कुशीतल्या ग्रेनोबल गावी आले.

युद्ध संपलं, स्ट्रासबुर्ग पुन्हा फ्रान्सचं झालं, तरी नेल ग्रेनोबलमध्येच राहिले. १९४६ मध्ये त्यांनी तिथेच प्रयोगशाळा उभारली. १९४८ मध्ये फेराइटचं कोडं सोडवलं. जुन्या ट्रान्झिस्टरमधली एरियलची काळी कांडी फेराइटचीच. १९४९ मध्ये त्यांनी दाखवलं की तापलेला लाव्हा थिजताना त्यातले बारीक चुंबकीय कण त्या वेळची पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा पकडून ठेवतात, ती कोट्यवधी वर्षं सुटत नाही. आमच्या पायाखालचा दख्खनचा दगड असाच थिजलेला लाव्हा. त्यातली दिशा मोजूनच कळलं, की तो थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणजे हा दगडही दुरून आलेलाच!

१९५५ मध्ये ते चुंबकीय पदार्थांच्या अतिपातळ थरांकडे वळले. अशा पदार्थात एका दिशेचा भाग संपून दुसऱ्या दिशेचा सुरू होतो, तिथे मध्ये अरुंद पट्टा असतो. त्याला भिंत म्हणतात. जाड तुकड्यात या भिंतीतले अणुचुंबक उभे होत होत दिशा बदलतात. पातळ थरात उभं राहायला फार ऊर्जा लागते, म्हणून ते आडव्यानेच वळतात. हीच नेल भिंत. थरांचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल असेल, तर वरचाखालचा थर एकमेकांना आपल्या दिशेला कसा खेचतो, हेही त्यांनी १९६२ मध्ये सांगितलं.

१९५६ मध्ये त्यांनी ग्रेनोबलला अणुसंशोधन केंद्र उभं केलं. एकेकाळचं आडबाजूचं गाव जगाच्या विज्ञानाच्या नकाशावर ठळक झालं. १९७० मध्ये स्वीडनच्या आल्व्हेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी प्रांजळपणे सांगितलं, की आपले उलटसुलट मांडणीचे पदार्थ अभ्यासाला छान, पण व्यवहारात त्यांचा उपयोग दिसत नाही. पुढे त्याच पदार्थांचा पातळ थर संगणकाच्या हार्ड डिस्कमधली माहिती वाचण्याच्या कामी आला, आणि तोही त्यांच्या हयातीत. १७ नोव्हेंबर २००० रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी, ते गेले.

आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होळकरांच्या मागोमाग इथे आले. आज आपली मुलं पुण्याला, बंगळूरला जातात, आणि इथे काय उरलंय, हा प्रश्न घराघरात निघतो. त्यांना आम्ही अडवणार नाही. पण नशिबाने जिथे आणून टाकलं तिथेच मोठं काम उभं करता येतं, हे नेल यांनी करून दाखवलं. गणरायाच्या मांडवात बसून तेवढं मुलांच्या कानावर घालू या.