काट्यांचा मुकुट, सोन्याचा मुकुट आणि लाकडी ठसा
चित्रकार लुकास क्रानाख (१४७२–१५५३) यांचे जीवन

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहरात संत याकोबाचे कॅथेड्रल आहे. तेथील मुख्य वेदीवर पवित्र मरियेचे एक चित्र विराजमान आहे. आकाराने ते फार मोठे नाही. आईच्या मांडीवर उभा असलेला बाळ येशू तिच्या गालाला गाल भिडवून तिला बिलगला आहे. भाविक तिला 'साहाय्य करणारी मरिया' म्हणून हाक मारतात. ज्या हाताने ही माता रंगवली, त्याच हाताच्या कार्यशाळेतून पोप महोदयांची अत्यंत बोचरी टवाळी करणारी चित्रे छापून बाहेर पडली होती, हे त्या वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

लुकास यांचा जन्म १४७२ साली क्रोनाख या जर्मन गावी झाला. हे गाव बाम्बर्गच्या बिशपांच्या सत्तेखाली होते. वडील चित्रकार होते आणि घरचे वातावरण कॅथोलिक श्रद्धेचे होते. पुढे गावाच्या नावावरूनच त्यांनी क्रानाख हे आडनाव धारण केले. काही वर्षे व्हिएन्नात काढल्यानंतर १५०५ च्या सुमारास सॅक्सनीचे इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडणुकीत मताधिकार असलेले संस्थानिक, फ्रेडरिक यांनी त्यांना विटेनबर्ग येथे दरबारी चित्रकार म्हणून बोलावून घेतले. १५०८ साली त्यांना मिळालेल्या मानचिन्हावर पंख असलेला सर्प होता. तोच सर्प पुढे त्यांच्या चित्रांवरील सही बनला.

फ्रेडरिक यांना संतांचे पवित्र अवशेष जमवण्याची मोठी ओढ होती. विटेनबर्गच्या राजवाड्यातील चर्चमध्ये अशा पाच हजारांहून अधिक अवशेषांचा संग्रह होता. त्यांच्या दर्शनाला दंडमाफीची, म्हणजे पापाबद्दलच्या ऐहिक शिक्षेतून सूट मिळण्याची, जोड दिलेली होती. १५०९ साली या संग्रहाची सचित्र पुस्तिका निघाली आणि तिच्यातील शंभरावर चित्रे क्रानाख यांनी केली. दंडमाफीच्या प्रथेला त्यांच्या कलेने असा हातभार लावला. पुढे आठच वर्षांनी, १५१७ मध्ये, त्याच गावातील मार्टिन ल्यूथर या ऑगस्टिनियन संन्याशाने त्याच प्रथेविरुद्ध आवाज उठवला.

येथे त्या काळच्या छपाईविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. लाकडाच्या गुळगुळीत फळीवर चित्र काढायचे, रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचा भाग कोरून काढायचा, उंच भागावर शाई लावायची आणि कागद दाबायचा. असा ठसा शिशाच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रात बसत असे. त्यामुळे चित्र व मजकूर एकाच दाबात, स्वस्तात आणि शेकडो प्रतींत छापता येई. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा असंख्य लोकांपर्यंत चित्र पोहोचत होते. धर्मवादात या साधनाचे सामर्थ्य क्रानाख यांच्याइतके फार थोड्यांनी ओळखले.

१५२० साली त्यांनी ल्यूथर यांचे ताम्रपटावर कोरलेले चित्र छापले आणि त्या कृश संन्याशाचा चेहरा सर्वत्र परिचित झाला. जानेवारी १५२१ मध्ये ल्यूथर यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. त्याच वर्षी विटेनबर्गहून एक छोटी पुस्तिका निघाली. ख्रिस्त आणि ख्रिस्तविरोधक यांची तुलना हा तिचा विषय होता. तिच्यात २६ चित्रांच्या १३ जोड्या होत्या. डाव्या पानावर प्रभू येशू आणि उजव्या पानावर पोप. डावीकडे प्रभू शिष्यांचे पाय धूत आहे, उजवीकडे पोप आपल्या पायाचे चुंबन घेऊ देत आहेत. डावीकडे प्रभूच्या मस्तकी काट्यांचा मुकुट, उजवीकडे पोपच्या मस्तकी तिहेरी सोन्याचा मुकुट. डावीकडे मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले जात आहे, उजवीकडे दंडमाफीपत्रांची विक्री चालली आहे. शेवटच्या जोडीत प्रभू स्वर्गात जातो आणि पोप नरकात फेकले जातात.

कॅथोलिक धर्मगुरू म्हणून ही चित्रे पाहताना मन दुखावते. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर डाव्या पानावर बोट ठेवता येत नाही. उजव्या पानावरही सारेच असत्य नव्हते. दंडमाफीचा बाजार मांडला गेला होता आणि पुढे ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये त्यातील गैरप्रकारांवर बंदी घातली. दोष होता तो अर्धसत्याचा. पवित्र गुरुवारी पाय धुण्याची परंपरा पोपच्या दरबारातही जुनीच होती. ती मात्र त्या पानावर उतरली नाही.

ल्यूथर यांनी केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर सप्टेंबर १५२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही क्रानाख आणि त्यांचे भागीदार सोनार ड्योरिंग यांच्या खर्चाने. त्यातील प्रकटीकरणाच्या चित्रांत बाबेलच्या वेश्येच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता. डिसेंबरच्या आवृत्तीत तो छाटून साधा करण्यात आला.

क्रानाख आणि ल्यूथर यांचे घरगुती नातेही घट्ट होते. १५२५ मध्ये ल्यूथर यांच्या विवाहाला ते साक्षीदार होते आणि पुढल्या वर्षी त्यांच्या पहिल्या मुलाचे धर्मपिता झाले. औषधालय, मद्यविक्री, छापखाना असे अनेक व्यवसाय त्यांनी सांभाळले. ते शहराचे नगराध्यक्षही झाले. आश्चर्य असे की, याच काळात ज्यांच्या दंडमाफी मोहिमेवरून सारा वाद पेटला त्या कार्डिनल आल्ब्रेख्त यांच्या हाले येथील चर्चसाठी क्रानाख यांच्या कार्यशाळेने शंभराहून अधिक चित्रे रंगवली. खुद्द कार्डिनल महोदयांना त्यांनी संत जेरोमच्या रूपातही चितारले. याला कोणी व्यवहार म्हणेल. दोन्ही बाजूंच्या वेद्यांपुढे एकच प्रभू आहे, ही जाणीवही त्यामागे असू शकेल.

कॅथोलिक बाजूही गप्प बसली नव्हती. १५२९ साली योहान कोखलेउस या विद्वान धर्मगुरूंच्या पुस्तकावर सात डोक्यांचा ल्यूथर छापला गेला. प्रकटीकरणातील श्वापदाची आठवण व्हावी, असेच ते चित्र होते. १५४५ मध्ये विटेनबर्गच्या कार्यशाळेतून पोपविरोधी चित्रांची जी मालिका निघाली, तिच्यातील किळसवाण्या गोष्टींचे वर्णन येथे करवत नाही. दुसऱ्याला राक्षस ठरवल्यावर त्याच्याशी बोलण्याचे कारणच उरत नाही. पुढल्याच वर्षी जर्मन भूमीवर धर्मयुद्ध भडकले.

एप्रिल १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत क्रानाख यांचे तत्कालीन धनी योहान फ्रेडरिक सम्राटाचे कैदी झाले. वृद्ध चित्रकार १५५० साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आपल्या धन्याच्या बंदिवासात सोबत करण्यासाठी निघाले. सुटकेनंतर ते त्यांच्याबरोबर वायमार येथे राहिले आणि तेथेच १६ ऑक्टोबर १५५३ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांचे ते मरियेचे चित्र सॅक्सनीच्या प्रोटेस्टंट घराण्याकडे राहिले. १६११ साली तेथील इलेक्टरने ते पासाऊचे बिशप, आर्चड्यूक लिओपोल्ड यांना भेट दिले. लिओपोल्ड तिरोलला गेले तेव्हा चित्रही त्यांच्याबरोबर इन्सब्रुकला गेले. १६५० पासून ते संत याकोबाच्या चर्चमध्ये आहे. पासाऊला राहिलेल्या त्याच्या प्रतिकृतीभोवती मोठे तीर्थक्षेत्र उभे राहिले.

१३ नोव्हेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी आपला तिहेरी मुकुट संत पेत्राच्या महामंदिरातील वेदीवर गोरगरिबांसाठी ठेवून दिला. त्यानंतरच्या कोणत्याही पोपने राज्याभिषेकाचा मुकुट धारण केलेला नाही. त्याच महिन्याच्या २१ तारखेला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश जाहीर झाला. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालबंदीगृहात जाऊन कैद्यांचे पाय धुतले. १५२१ च्या त्या डाव्या पानाकडे ख्रिस्तसभा अशी वळली. टवाळीतून जे साधले नाही ते प्रार्थनेतून आणि पश्चात्तापातून साधले.

वाचकहो, आज प्रत्येकाच्या खिशात एक छापखाना आहे. इतर पंथांची, इतर धर्मांची खिल्ली उडवणारे चित्र बोटाच्या एका स्पर्शाने हजारोंपर्यंत जाते. असे चित्र पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्यात कोणते सत्य गाळले आहे, याचा विचार करावा. क्रानाख यांची टवाळीची चित्रे आज संग्रहालयांत जपलेली आहेत. त्यांच्या मरियेपुढे मात्र आजही मेणबत्त्या तेवत आहेत.