खानबहादुर काझी अझीझुल हक

साक्षराने सही करावी आणि निरक्षराने अंगठा उठवावा, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अंगठ्याच्या जागी सही यावी, म्हणून आम्हा शिक्षकांचे उभे आयुष्य खर्ची पडले. परंतु त्याच अंगठ्याला न्यायासनापुढे साक्षीदाराची प्रतिष्ठा मिळाली, ती एका बंगाली पोलीस अधिकाऱ्याच्या गणितामुळे. त्या पुरुषाचे चरित्र संघाच्या कुटुंबांतील मुलांमुलींना ठाऊक असावे, या हेतूने हा अल्प लेख.

काझी अझीझुल हक यांचा जन्म 1872 साली खुलना भागातील पैग्राम कसबा या गावी झाला. हा मुलूख आता बांगलादेशात आहे. ते लहान असतानाच नाव बुडून आईबापांचे छत्र हरपले. बाराव्या वर्षी घर सोडून हा पोरका मुलगा कलकत्त्यास आला. तेथे एका कुटुंबाने त्यास आश्रय दिला आणि त्याची गणितातील बुद्धी पाहून शाळेत घातले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित व विज्ञान शिकत असता प्राचार्यांनी त्यांची शिफारस बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांजकडे केली आणि हक पोलीस खात्यात दाखल झाले.

त्या काळी गुन्हेगार ओळखण्यासाठी त्याच्या शरीराची मापे घेत. मापे घेणाऱ्याचा हात बदलला की आकडे बदलत. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, हे विद्वानांस ठाऊक होते. परंतु हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधावा कसा, हा प्रश्न सुटला नव्हता. तो हक यांनी गणिताने सोडविला. दहा बोटांच्या पाच जोड्या कराव्या. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहावे. एका जोडीचे चार प्रकार संभवतात. म्हणून पाच जोड्यांचे 1024 झाले. बत्तीस गुणिले बत्तीस खणांच्या कपाटात प्रत्येक कागदास आपली जागा मिळाली. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचाही या कार्यात मोठा वाटा होता. 1897 साली सरकारने ही पद्धती स्वीकारली. त्याच सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्यावर व्यवस्थापकाचा खून झाला. तेथे सापडलेल्या बंगाली पंचांगावरील रक्ताळलेल्या ठशावरून एका जुन्या नोकराची ओळख पटली. न्यायालयाने त्यास चोरीसाठी दोषी धरले. परंतु खून करताना त्यास कोणी पाहिले नव्हते, म्हणून त्या आरोपातून सोडले. ठसा काय सांगतो व काय सांगत नाही, याचा तो विवेक आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

1900 साली या विषयावरील ग्रंथ निघाला, त्यावर नाव एकट्या हेन्रीसाहेबांचे. 1901 साली ते लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले आणि ही विद्या हेन्री पद्धती या नावाने जगभर पसरली. हक आपल्या खात्यात काम करीत राहिले. 1913 साली खानसाहेब व 1924 साली खानबहादुर हे किताब त्यांस मिळाले. पाच हजार रुपयांचे मानधनही लाभले. आपल्या कचेरीतील कोणाहीपेक्षा हक यांचा हातभार अधिक होता, हे हेन्रीसाहेबांनी 1926 साली लेखी मान्य केले. ते मान्य होण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

निवृत्तीनंतर हक बिहारातील मोतीहारी येथे स्थायिक झाले. बालपणी घराला मुकलेल्या या गृहस्थाने आपला संसार मुलाबाळांनी भरलेला पाहिला. 1935 साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. फाळणीनंतर कुटुंबीय पाकिस्तानात गेले; कबर मात्र मोतीहारीस राहिली. पुढे इंग्लंडमधील फिंगरप्रिंट सोसायटीने हक व बोस यांच्या नावाने पारितोषिक ठेवले, हे योग्यच झाले.

हक यांच्या श्रेयाची उपेक्षा झाली, याची खंत वाचकांस वाटेलच. परंतु आमच्या मनात राहून राहून येते ते कलकत्त्यातील ते कुटुंब. त्यांनी पोरक्या मुलास केवळ दोन घास घातले नाहीत, तर त्याची बुद्धी ओळखून त्याला शाळेची वाट दाखविली. आपल्याकडेही वार लावून जेवणारी कितीएक मुले अशाच घरांच्या आधारावर शिकली. ते वार आता राहिले नाहीत. पण फी, पुस्तके आणि राहावयाची जागा यांवाचून अडणारी मुले आजही आहेत. आपल्या दारी येणाऱ्या अशा मुलाच्या अंगी कोणते गणित दडले आहे, हे आपणांस आधी कळत नसते. म्हणून दार उघडे ठेवावे, एवढेच आमचे सर्व कुटुंबांस सांगणे आहे.