हृदयाची अक्षरे देणारा विलेम आइन्थोव्हेन

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) असो वा मुंबई, पेसमेकर बसविलेल्या रुग्णाचा ईसीजी हाती घेणारा डॉक्टर पी, क्यू, आर, एस, टी हीच अक्षरे शोधतो. ही अक्षरे दिली विलेम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञाने.

२१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग येथे त्यांचा जन्म झाला. डॉक्टर असलेले वडील लवकर निवर्तले आणि आई सहा मुलांसह हॉलंडमधील उट्रेख्तला परतली. तेथे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आइन्थोव्हेन यांची १८८५ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, लायडन विद्यापीठात प्राध्यापकपदी निवड झाली.

हृदयातील वीज त्या काळी पारा भरलेल्या उपकरणावर संथपणे उमटे. आलेख गणिताने दुरुस्त करावा लागे. आइन्थोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसविला आणि आलेख स्वच्छ उमटू लागला. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते व ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्ण मिठाच्या पाण्यात हातपाय बुडवून बसे. १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने आलेख प्रयोगशाळेत आणले. १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांत संपूर्ण हार्ट ब्लॉकचाही समावेश होता. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही.

१९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. सप्टेंबर १९२७ मध्ये लायडन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर ३१ वर्षांनी, १९५८ मध्ये, स्टॉकहोम येथे याच विकारावर जगातील पहिला पेसमेकर मानवी शरीरात बसविण्यात आला.

पेसमेकरने आइन्थोव्हेन यांच्या अक्षरांत एका उभ्या, सुईसारख्या रेघेची भर घातली. तिच्यामागोमाग रुंद क्यूआरएस उमटला, तर हृदयाने हाकेला ओ दिली असे समजावे. रेघ आहे, पण पुढे काहीच नाही, तर धोका आहे. रेघ मुळीच नसणे मात्र नेहमीच बिघाड नसतो. हृदय स्वतः पुरेशा गतीने धडधडत असेल, तर पेसमेकर मूक राहतो. आधुनिक यंत्रांची रेघ इतकी लहान असते की ती कधी दिसतही नाही. शिवाय रुंद क्यूआरएसच्या आड हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा लपू शकतात. म्हणूनच छातीत पेसमेकर आहे, हे रुग्णाने प्रथम सांगावे आणि त्याचे ओळखपत्र जवळ बाळगावे.

पेसमेकर पाहण्याचे भाग्य आइन्थोव्हेन यांना लाभले नाही. परंतु तो नीट चालतो की नाही, हे आजही त्यांच्याच अक्षरांत वाचले जाते.