डाळिंबी सदऱ्याचा कर्णधार : व्हालेंतिनो मात्सोला

११ मे १९४७ रोजी ट्युरिन शहरात इटली आणि हंगेरी यांचा फुटबॉल सामना झाला. इटलीने तो ३-२ असा जिंकला. पण जय-पराजयापेक्षा त्या सामन्यातील एक गोष्ट इतिहासात राहिली. इटलीचा निळा सदरा घालून उतरलेल्या अकरा जणांपैकी दहा जण एकाच क्लबचे होते! उरलेला एक, म्हणजे गोलरक्षक सेंतिमेंती, तोही त्याच शहरातल्या युव्हेंटस या प्रतिस्पर्धी क्लबचा. आपल्या मुंबईने पंधरा वर्षे ओळीने रणजी करंडक जिंकला, तरी भारताच्या संघात एका वेळी दहा मुंबईकर कधी खेळले नाहीत. यावरून काय ते समजावे.

त्या क्लबचे नाव तोरिनो. ट्युरिनला इटालियन लोक तोरिनोच म्हणतात, म्हणजे गावाचे आणि क्लबचे नाव एकच. क्लबची स्थापना १९०६ सालची. युव्हेंटसचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड डिक हे स्विस गृहस्थ त्या क्लबशी न पटल्यामुळे बाहेर पडले आणि त्यांनी काही मंडळींसह हा नवा क्लब उभा केला. खेळाडूंच्या सदऱ्याचा रंग पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल. त्या रंगाचे इटालियन नावही डाळिंबावरूनच पडले आहे. या डाळिंबी संघाचा कर्णधार व्हालेंतिनो मात्सोला हा माझ्या लेखाचा विषय. युव्हेंटस, मिलान, इंटर ही नावे आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या मुलांना तोंडपाठ असतात. मात्सोलाचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

त्याचा जन्म २६ जानेवारी १९१९ चा. मिलान शहराजवळ आद्दा नदीच्या काठी कासानो द'आद्दा नावाचे लहान गाव आहे, तेथला. घर कामगाराचे आणि गरिबीचे. १९२९ नंतरच्या मंदीत वडिलांचे काम सुटले आणि पुढे ते मोटारलॉरीच्या अपघातात वारले. (ही जागतिक मंदी आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतो. ती एखाद्या घरात शिरली म्हणजे काय होते, हे मात्सोलाचे बालपण वाचताना मला प्रथम कळले.) शाळा सोडून पोरगा एका पाववाल्याकडे कामाला लागला, नंतर तागाच्या गिरणीत गेला. चेंडू विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून रस्त्यातला पत्र्याचा डबा लाथाडीत चालण्याची त्याला सवय लागली. त्यावरून गावाने त्याचे नावच ‘तुलेन’ पाडले. तिकडच्या बोलीत पत्र्याच्या डब्यावरून पडलेले हे नाव.

दहा वर्षांचा असताना त्याने आद्दा नदीत उडी टाकून एका बुडत्या मुलाला वाचवले. तो मुलगा आंद्रेआ बोनोमी. हाच बोनोमी पुढे मिलान क्लबचा कर्णधार झाला आणि मात्सोलाविरुद्ध खेळला. कादंबरीत असे लिहिले तर लेखकाने ओढूनताणून जुळवले असे आपण म्हणू.

गावच्या मैदानावरून मात्सोला आल्फा रोमेओ या मोटार कारखान्याच्या संघात गेला. तेथे खेळाबरोबर कारखान्यात नोकरीही मिळाली. मग सक्तीच्या लष्करी सेवेसाठी नौदलात भरती होऊन तो व्हेनिसला गेला आणि व्हेनेत्सिया क्लबने त्याला हेरले. तेथे त्याची एत्सिओ लोइक या खेळाडूशी जोडी जमली. दोघेही १९१९ साली जन्मलेले, दोघेही आघाडीच्या आतल्या बाजूचे खेळाडू. १९४१ साली व्हेनेत्सियाने इटलीचा चषक जिंकला आणि पुढच्या वर्षी लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. ५ एप्रिल १९४२ रोजी हे दोघे एकाच सामन्यात इटलीकडून प्रथम खेळले. विशेष म्हणजे मैदानाबाहेर दोघांचे फारसे सूत नव्हते असे सांगतात. मैदानावर मात्र एकाने चेंडू कोठे टाकावा हे दुसऱ्याला पाठीमागे न पाहता कळत असे.

याच सुमारास फेर्रुच्चो नोव्हो हे उद्योजक तोरिनोचे अध्यक्ष होते. स्वतः ते बेताचेच खेळाडू. पण माणसांची पारख मोठी. १९४२ साली त्यांनी मात्सोला आणि लोइक यांना एकदमच उचलले. बारा लाखांवर लिरा, शिवाय आपले दोन खेळाडू, असा हा सौदा होता. ऐन महायुद्धात ही रक्कम अनेकांना उधळपट्टी वाटली असणार. पण पहिल्याच हंगामात वसुली झाली. तोरिनोने लीग जिंकली, तीही एका गुणाने, आणि शेवटच्या दिवशी बारी येथे १-० असा विजय मिळवून. तो गोल मात्सोलाचा. पाठोपाठ चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी ४-० असा विजय मिळवला, तोही व्हेनेत्सियावर! एकाच मोसमात लीग आणि चषक दोन्ही मिळवणारा तोरिनो हा इटलीतला पहिलाच क्लब.

मग युद्ध इटलीच्या दारात आले. खेळाडूंना आघाडीवर पाठवू नये म्हणून त्यांची नावे फियाट कारखान्यात कामगार म्हणून लावली गेली आणि संघाचे नावही तोरिनो-फियाट झाले. १६ जुलै १९४४ रोजी मिलानमध्ये या बलाढ्य संघाला स्पेत्सियाच्या अग्निशामक दलाच्या संघाने २-१ असे हरवले. बंबवाल्यांच्या त्या विजेतेपदाला इटालियन संघटनेची मान्यता मिळायला २००२ साल उजाडावे लागले, तीही केवळ मानाची. येथे मला एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. या सामन्याच्या सहाच दिवस आधी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतच तिबेर नदीच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या पलटणीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे, तिचे जवान ज्या देशात लढत होते, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला फुटबॉलचे सामने चालू होते. मात्सोलाला मी दोष देत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत हे खरे.

युद्ध संपल्यावर मात्र तोरिनोला कुणी अडवू शकले नाही. १९४६, १९४७, १९४८, अशी विजेतेपदे ओळीने आली. १९४६-४७ च्या मोसमात मात्सोलाने २९ गोल करून सर्वांवर मात केली. १९४७-४८ मध्ये संघाने ४० सामन्यांत १२५ गोल केले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा १६ गुण जास्त मिळवले. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत, हे ध्यानात घ्यावे. फिलाडेल्फिया या आपल्या घरच्या मैदानावर तर हा संघ १९४३ पासून लीगमध्ये हरलाच नाही.

मात्सोला उंचीने बेताचाच, पण उडी अशी की उंच बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू काढी. तो गोल करी, करून देई, आणि गरज पडली तर आपल्या गोलपुढे येऊन चेंडू अडवी. बोलणे कमी, स्वभाव काहीसा तुटक. त्याचे बोलणे म्हणजे त्याच्या बाह्या. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांत ओरेस्ते बोल्मिदा नावाचा एक रेल्वे कर्मचारी तुतारी घेऊन बसे. संघ रेंगाळू लागला की तो तुतारी फुंकी. ती ऐकली की मात्सोला सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारी, आणि पुढची पंधरा मिनिटे प्रतिपक्षाची धडगत नसे. या पाव तासाला लोकांनी ‘डाळिंबी पाव तास’ असेच नाव दिले होते. १९४८ च्या मे महिन्यात लात्सिओविरुद्ध ०-३ असे मागे पडूनही तोरिनोने सामना ४-३ असा फिरवला, तो याच जिद्दीने.

व्यवहारातही तो भोळा नव्हता. ट्युरिनमध्ये त्याने क्रीडासाहित्याचे दुकान काढले होते. पाय थकल्यावर पगार थांबतो, हे बापाची बेकारी पाहिलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. घरचे जीवन मात्र सुखाचे नव्हते. १९४२ साली लग्न झाले, सांद्रो आणि फेर्रुच्चो असे दोन मुलगे झाले (धाकट्याचे नाव अध्यक्ष नोव्हो यांच्यावरून ठेवलेले), आणि मग पतिपत्नी वेगळी झाली. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० साली आला, तेव्हा त्या काळी याची केवढी चर्चा झाली असेल! १९४९ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, परदेशी कायद्याचा आधार घेऊन त्याने दुसरे लग्न केले. थोरला सांद्रो बापाकडे राहिला. लहानसा डाळिंबी सदरा घालून तो सरावाच्या वेळी मैदानावर बापाच्या मागेपुढे करी.

आता त्या प्रवासाविषयी. फेब्रुवारी १९४९ मध्ये जिनोआ येथे इटली-पोर्तुगाल सामना झाला. तेथे बेन्फिका क्लबचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेरा आणि मात्सोला यांची गाठ पडली. फेरेराच्या सन्मानार्थ लिस्बनला सामना व्हायचा होता. त्यासाठी आपला संघ घेऊन येतो, असा शब्द मात्सोलाने दिला. लीग ऐन भरात असताना ही वारी नोव्हो यांना रुचली नव्हती. इंटरविरुद्ध हार झाली नाही तर जावे, अशी त्यांची अट होती असे सांगतात. ३० एप्रिलला तो सामना ०-० असा सुटला आणि विजेतेपद हातात आल्यासारखेच झाले. घशाच्या दुखण्यामुळे मात्सोला त्या सामन्यात खेळू शकला नव्हता. लिस्बनलाही तो गेला नसता तर कुणी नाव ठेवले नसते. पण शब्द त्याचा होता. तो गेला.

३ मे रोजी बेन्फिकाने सामना ४-३ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी फियाट बनावटीचे तीन इंजिनांचे विमान लिस्बनहून निघाले आणि बार्सिलोनाला थांबून ट्युरिनकडे वळले. शहरावर पाऊस आणि दाट ढग होते. ट्युरिनच्या पूर्वेला सुपेर्गा नावाची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर अठराव्या शतकातले मोठे चर्च आहे. सायंकाळी पाचच्या सुमारास विमान त्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळले. उंची दाखवणारे यंत्र बिघडले असावे असा एक तर्क आहे. विमानातील ३१ जणांपैकी कुणीही वाचले नाही. त्यात १८ खेळाडू होते, इंग्रज प्रशिक्षक लिव्हस्ली होते, तीन पत्रकार होते, आणि तांत्रिक संचालक एग्री एर्बश्टाइन हे हंगेरियन ज्यू होते, जे हिटलरच्या काळातून जीव वाचवून परत आले होते.

मृतांची ओळख पटवायला व्हित्तोरिओ पोत्सो यांना टेकडीवर जावे लागले. इटलीला १९३४ आणि १९३८ चे विश्वचषक मिळवून देणारे हे गुरू. यांतल्या बहुतेकांना त्यांनीच निळा सदरा दिला होता. ६ मे च्या अंत्ययात्रेला पाच लाखांहून अधिक लोक लोटले. लीगचे चार सामने बाकी होते. तोरिनोने कुमार संघ उतरवला, आणि प्रतिस्पर्धी चारही क्लबांनी आपलेही कुमारच उतरवले. तोरिनोने चारही सामने जिंकले. पुढच्या वर्षी विश्वचषकासाठी इटलीचा संघ ब्राझीलला गेला तो विमानाने नव्हे, बोटीने. त्यानंतर तोरिनोला लीग जिंकायला १९७६ साल यावे लागले.

कर्णधाराने शब्द दिला नसता तर, असे म्हणणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. ढग आणि टेकडी यांचा हिशेब एका खेळाडूच्या नावे मांडता येत नाही.

सांद्रो तेव्हा साडेसहा वर्षांचा होता. तो आईकडे कासानोला परतला. पुढे इंटर क्लबने त्याला आणि फेर्रुच्चोला जवळ केले. १० जून १९६१ रोजी इंटरने निषेध म्हणून युव्हेंटसविरुद्ध कुमार संघ उतरवला आणि तो ९-१ असा हरला. इंटरचा तो एक गोल पदार्पण करणाऱ्या सांद्रो मात्सोलाचा. तीन वर्षांनी, १९६४ साली, व्हिएन्नात युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने रियल माद्रिदविरुद्ध दोन गोल केले. रियलकडून त्या दिवशी हंगेरीचा फेरेंक पुश्काश खेळत होता. १९४७ च्या ट्युरिनच्या सामन्यात तो व्हालेंतिनोविरुद्ध खेळलेला. सामना संपल्यावर पुश्काश सांद्रोजवळ आला, तुझ्या वडिलांशी मी खेळलो आहे असे सांगून त्याने आपला सदरा काढला आणि तो त्याच्या हाती दिला.