गढूळपणाचे गूढ उकलणारे झिगमोंडी

पावसाळ्यात पाणी गढूळले की त्यात तुरटी फिरवून ते निवळत ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु काही द्रव कितीही दिवस ठेवले तरी निवळत नाहीत आणि फडक्यातून गाळले तरी तसेच राहतात. त्यांच्यात नेमके असते काय, या प्रश्नाला रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड झिगमोंडी यांनी आयुष्य वाहिले.

१ एप्रिल १८६५ रोजी व्हिएन्नात त्यांचा जन्म झाला. दंतवैद्य असलेले वडील वारले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. १८९७ मध्ये ते जर्मनीतील येना येथे शॉट यांच्या काच कारखान्यात रुजू झाले. तेथे त्यांनी दुधाळ काच सिद्ध केली. गढूळ द्रव नितळ करण्याचे साधन पुढे ज्यांच्या हातून घडले, त्यांनी आधी नितळ काच धूसर केली होती, हे गमतीचेच.

त्यांना खरी ओढ होती सोन्याच्या लालभडक द्रावणाची. दिसायला ते एकजिनसी असे. पण त्यात सोन्याचे सुटे कण तरंगत असतात, असे त्यांचे मत होते. ते सर्वांना पटत नव्हते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला हे कण दिसत नव्हते. घरात शिरलेल्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ चमकते. हेच तत्त्व वापरून झिगमोंडी आणि झाइस कारखान्यातील हेन्री झीडेनटोफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अतिसूक्ष्मदर्शक घडवला. बाजूने सोडलेल्या प्रखर प्रकाशात सोन्याचे कण ठिपक्यांसारखे लुकलुकले आणि वाद मिटू लागला.

दिसलेले कण वेगळे काढणे हे त्यापुढचे काम. बेखोल्ड यांनी तशा गाळण्या आधीच केल्या होत्या. गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर झिगमोंडी यांनी बाखमान यांच्यासह १९१८ मध्ये त्याहून भरवशाची पटल-गाळणी मांडली. सेल्युलोजच्या संयुगाचे द्रावण पातळ पसरून दमट हवेत वाळवायचे. ओलावा आणि वाळण्याचा वेग सांभाळला की पटलाची छिद्रे हवी तेवढी बारीक ठेवता येत.

१९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते अशा द्रावणांचे स्वरूप उलगडल्याबद्दल. सप्टेंबर १९२९ मध्ये गटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. आज जगभर फळांचे रस आणि वाइन नितळ करण्यासाठी पटल-गाळण्या वापरल्या जातात. मात्र त्यांच्या पटलाची मोठी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. बॉम्बहल्ल्यांनी जर्मन शहरांचे नळ फुटले, तेव्हा तेथील पाणी या पटलांतून गाळण्यात आले. वर अडकलेले जंतू वाढवून, कोणते पाणी पिण्याजोगे आहे, हे पूर्वीपेक्षा लवकर कळू लागले.