बालकांस पृथ्वी दाखविणारा आचार्य : बाळशास्त्री जांभेकर

महाड व पोलादपूर या आपल्या तालुक्यांत जन्मास आलेल्या बालकास भूगोल प्रथम पुस्तकात भेटत नाही. तो त्याच्या दारावरून वाहत जातो. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतून उतरते, महाडास गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीने पश्चिम समुद्रास मिळते. त्याच माथ्यावर उगम पावलेली कृष्णा मात्र पूर्वेची वाट धरून थेट बंगालच्या उपसागरास जाते. असे का होते, हा प्रश्न ज्या मुलाच्या मनात उठला त्याचा भूगोल सुरू झाला असे समजावे. मराठी मुलाला हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या भाषेत विचारता यावा व त्याचे उत्तरही त्याच भाषेत मिळावे, म्हणून ज्यांनी आपले अल्प आयुष्य वेचले, त्या आचार्य बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण या अंकात करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या खेड्यात झाला. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री हे व्युत्पन्न पंडित असून पुराणकथनाबद्दल त्यांची ख्याती होती. संस्कृत व मराठी यांचे प्राथमिक संस्कार बाळशास्त्रींना पित्याच्या पायाशी बसूनच लाभले. १८२५ च्या सुमारास हा तेरा वर्षांचा मुलगा मुंबईस आला व सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयाने पुढील विद्याभ्यास करू लागला. त्याची ग्रहणशक्ती विलक्षण होती. इंग्रजी, गणित व ज्योतिष यांबरोबर अनेक देशी व परकी भाषा त्याने आत्मसात केल्या. विशीच्या आतच शाळा व शालेय पुस्तके यांचे काम पाहणाऱ्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत त्यांस जबाबदारीचे पद मिळाले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' हे मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांतील पत्र सुरू केले. १८३४ साली एल्फिन्स्टन कॉलेजात पहिले एतद्देशीय असिस्टंट प्रोफेसर म्हणून त्यांची नेमणूक झाली. दादाभाई नौरोजी व केरूनाना छत्रे यांसारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले.

'दर्पण'कार म्हणून बाळशास्त्रींचे नाव सर्वांस ठाऊक आहे, व ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळलाही जातो. परंतु बालशिक्षणासाठी त्यांनी केलेल्या कार्याकडे आपले तितकेसे लक्ष गेलेले नाही. त्या काळच्या पंतोजींच्या शाळेत मूल धुळाक्षरे गिरवी, मोडी वळवी, पाढे, पावकी, निमकी पाठ करी आणि हिशेबापुरते शहाणे होऊन बाहेर पडे. आपला गाव, आपला प्रांत व आपला देश पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहेत, हे त्यास कोणी सांगत नसे. सांगावयास पुस्तक नव्हते, आणि भिंतीवर नकाशाही नव्हता. बाळशास्त्रींनी व्याकरण, नीतिकथा, इतिहास व गणित या विषयांवर शालोपयोगी पुस्तके लिहिली. आणि १८३६ साली 'भूगोलविद्या' हे पुस्तक सिद्ध केले. पृथ्वीचा आकार, तिची गती, अक्षांश व रेखांश हे सर्व सोप्या मराठीत मांडावयाचे, तर त्यासाठी शब्दही घडवावे लागत. ज्योतिषाच्या संस्कृत ग्रंथांतून योग्य शब्द उचलून ते मुलांच्या तोंडी रुळतील असे करणे, हे काम दोन्ही विद्यांत पारंगत असलेल्या पुरुषासच साधणारे होते.

या पुस्तकामागे एक नाजूक प्रसंग दडलेला आहे. पुराणांतील पृथ्वी सपाट असून तिच्या मध्यभागी मेरू पर्वत आहे, व त्याभोवती सात द्वीपे आणि क्षीर, दधी, घृत इत्यादींचे समुद्र आहेत. ज्या घरी ही कथा भक्तिभावाने सांगितली जाई, त्याच घरच्या मुलाने पृथ्वी वाटोळी असून ती सूर्याभोवती फिरते हे मुलांच्या पुस्तकात लिहावयाचे होते. हा पित्याचा अवमान नव्हे काय, असे कोणास वाटणे स्वाभाविक होते. परंतु आपल्याच परंपरेत याला आधार होता. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात पृथ्वी गोल असल्याचे प्रतिपादिले आहे. तिचा अगदी लहान भाग आपल्या दृष्टीस पडतो म्हणून ती सपाट भासते, हे कारणही तेथे दिले आहे. बाळशास्त्रींच्याच काळी सिहोर येथे सुबाजी बापू या मराठी पंडितांनीही याच सिद्धांतग्रंथांच्या आधारे नव्या ज्योतिषाचे मंडन केले होते. तात्पर्य, नवे ज्ञान म्हणजे परक्याची उसनवारी नव्हे. आपल्या पूर्वजांनी सोडलेला धागाच पुढे नेणे होय, हे या पिढीने दाखवून दिले.

१८४० साली बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मराठीतील पहिले मासिक काढले. त्यात भूगोल, इतिहास व सृष्टिविज्ञान यांवरील लेख नकाशे व आकृत्या यांसह येत. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ पाहिले. पुढे मराठी शाळांच्या तपासणीचे काम त्यांजकडे आले, व शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासची धुराही त्यांनी वाहिली. चांगले पुस्तक वाईट शिक्षकाच्या हाती पडले तर ते पुन्हा पाठांतरच होऊन बसते, म्हणून पुस्तकाइतकेच लक्ष शिक्षकाकडे पुरविणे अगत्याचे होते.

येथे एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. न्यायालयाच्या निर्णयाने तो बापाकडे परत आला, तेव्हा प्रायश्चित्त देऊन त्यास स्वधर्मात घ्यावे म्हणून बाळशास्त्री उभे राहिले. एका अजाण मुलासाठी त्यांनी सनातनी मंडळींचा रोष व बहिष्काराचा ताप सोसला. आज आपण ज्यांच्या तसबिरीस हार घालतो, त्यांस स्वजनांनीच दूर लोटू पाहिले होते, हे विसरून केलेले स्मरण अपुरे होय. ज्ञाती थोरांना जन्म देते, पण जिवंतपणी त्यांस ओळखतेच असे नाही.

मे १८४६ मध्ये अल्पशा आजाराने हा पुरुष निवर्तला. वयाची पस्तिशीही त्यांस लाभली नाही.

ज्ञातिबांधवहो, बाळशास्त्रींचे कार्य संपले असे मानू नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात सावित्रीचे पाणी शिरले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन व कोंडीवते या गावांवर हीच आपत्ती ओढवली होती. डोंगराचा उतार, मातीची जाडी, पावसाचे मान, भरतीच्या वेळी खाडीत तुंबणारे पुराचे पाणी, हा आपल्या मुलांसाठी परीक्षेपुरता भूगोल नव्हे. जमिनीस भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे कलली, तर घर सोडावे, हे तिसरी-चौथीच्या मुलासही समजू शकते, व तेच ते घरी जाऊन वडीलधाऱ्यांस सांगू शकते.

म्हणून शिक्षकांनी मुलांस वर्षातून एकदा तरी नदीकाठी न्यावे. वर्गाचा, मग वाडीचा व मग गावाचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा आणि जुन्या पुराच्या खुणा त्यावर मांडाव्या. पालकांनीही राजधान्यांची नावे पाठ झाली यातच समाधान मानू नये. आपल्या दारच्या ओढ्याचे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे ज्या बालकास सांगता आले, त्याने आचार्यांस खरी श्रद्धांजली वाहिली असे आम्ही म्हणू.