जमशेदजी टाटा : बुडालेली पेढी आणि राखलेली पत

हेब्बाळमधल्या आमच्या रविवारच्या सत्संगाला एक साधक नियमित येतात. मूळचे सांगलीकडचे. आयटी कंपन्यांच्या आसपास त्यांची एक खानावळ होती. २०२० च्या टाळेबंदीत ऑफिसे बंद झाली आणि खानावळही बसली. जागेचे भाडे, भांड्यांसाठी काढलेले बँकेचे कर्ज, किराणावाल्याची उधारी आणि मेहुण्याकडून घेतलेली रक्कम एवढे मागे उरले. काही वर्षे त्यांनी इकडचे काढून तिकडे भरले. अलीकडे ते दाराजवळ बसू लागले होते. फोन आला की पटकन बाहेर जाता यावे, म्हणून.

एका रविवारी सगळे गेल्यावर ते थांबले. त्यांना एका वकिलाने दिवाळखोरीचा अर्ज करायला सांगितले होते. बँकेतल्या ओळखीच्या माणसाचे म्हणणे वेगळे होते, एकरकमी तडजोड करून मोकळे व्हा. एका नातेवाइकाने तर सिमकार्ड बदलून गावी निघून जायचा सल्ला दिला होता. यातला धर्माचा मार्ग कोणता, असे त्यांनी मला विचारले. मला एकदम उत्तर देता आले नाही. हेब्बाळहून मेखरी सर्कलमार्गे काही किलोमीटरवर भारतीय विज्ञान संस्था आहे. तिच्या मुख्य इमारतीसमोर जमशेदजी टाटांचा पुतळा आहे. मी त्यांना त्या माणसाच्या विशी-पंचविशीतली गोष्ट सांगितली. पुतळ्याच्या माणसाची पेढी एकदा बुडाली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. घराणे पारशी पुरोहितांचे. वडील नसरवानजी यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. त्या घराण्यात व्यापाराची वाट धरणारे ते पहिलेच. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, १८५८ मध्ये बाहेर पडला आणि वडिलांच्या पेढीत बसला. पुढच्याच वर्षी शाखा उघडण्यासाठी त्याला हाँगकाँगला पाठवले गेले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील राज्यांची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली, भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून नव्या बँका, नव्या कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅकबे योजनेच्या पाच हजारांच्या शेअरला दहापट भाव आला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे सम्राट होते. त्यांची चिठ्ठी असली की बँकेची तिजोरी उघडते, अशी त्यांची ख्याती होती. नसरवानजींची पेढीही या लाटेत सामील होती.

डिसेंबर १८६४ मध्ये पंचवीस वर्षांचे जमशेदजी लंडनला निघाले. लंडनमध्ये हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची बँक काढायचा बेत होता. त्यांच्या पेटीत कापसाच्या व्यवहारांची कागदपत्रे आणि हुंड्या होत्या. त्या तारणावर बँक उभी राहायची होती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईतील वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी चुकते करायला कोणापाशी काही उरले नव्हते. मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक कोलमडल्या. प्रेमचंदही सुटले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेने दम धरला तो १८६८ पर्यंत, मग तीही गुंडाळली गेली.

परक्या शहरात, हजारो मैल दूर, या तरुणाच्या पेटीतले कागद रद्दी झाले होते. ज्यांनी त्या कागदांवर विश्वास ठेवून पैसे दिले होते, ते लंडनचे बँकवाले आणि धनको दारात उभे होते.

आता इथे थोडे थांबू या, कारण आमच्या साधकांचा प्रश्न हाच होता. जमशेदजींपुढे कोणते मार्ग होते? पहिली बोट धरून ते मुंबईला परतू शकले असते. कागदांची किंमत अजून आहे असे भासवून आणखी कर्ज काढता आले असते, बुडणाऱ्या बऱ्याच पेढ्या तेच करत होत्या. किंवा आपल्याला नादार ठरवा म्हणून न्यायालयात जाऊन सारे तिथे सोपवता आले असते. ही शेवटची वाट काही पापाची नव्हे. कर्जापायी माणसाला जन्मभर तुरुंगात किंवा वेठीला डांबू नये, म्हणून समाजाने ती केली आहे. आपल्याकडच्या जुन्या व्यवहारशास्त्रातही दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यातील इंग्रज न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंसाठी तो मानला. सावकाराच्या हक्काला सीमा असते, हे आपल्या पूर्वजांना कळत होते.

जमशेदजी धनकोंना स्वतः जाऊन भेटले आणि त्यांच्यापुढे पेढीची खरी स्थिती मांडली. काय येणे आहे, काय देणे आहे, कोणते कागद आता कवडीमोलाचे आहेत, यातले काहीही त्यांनी झाकले नाही. समोरच्या माणसांना बुडालेल्या पेढ्यांची सवय झाली होती, पण असा ऋणको त्यांना नवा होता. त्यांनी पेढीचा हिशेब मिटवण्याचे काम खुद्द जमशेदजींवरच सोपवले. दरमहा २० पौंड वेतनावर ते आपल्याच बुडालेल्या पेढीचे अवसायक झाले. बुडवणाऱ्यालाच बुडीत खात्याचा कारभारी नेमणारे धनको विरळाच.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने प्राचीन इराणी लोकांविषयी एक गोष्ट नोंदवली आहे. त्यांच्या लेखी खोटे बोलणे सर्वांत लाजिरवाणे होते आणि त्याखालोखाल कर्जात असणे. कारण त्यांना वाटे की कर्जदाराला खोटे बोलावेच लागते. पारशी घराणी याच इराणी परंपरेतली. जमशेदजींनी हिरोडोटस वाचला होता की नाही हा प्रश्न वेगळा, पण सद्विचार, सद्वचन आणि सत्कर्म ही त्यांच्या धर्माची शिकवण लहानपणापासून त्यांच्या कानावर होती. कर्जबाजारी माणूस पैशाने बुडतो त्याच्या आधी तो बोलण्यात बुडतो. उद्या देतो, परवा देतो, चेक टाकलाय, साहेब गावाला गेलेत. आमच्या साधकांनी हे ऐकले आणि मान खाली घातली. गेले वर्षभर ते बायकोशीही हप्त्यांबद्दल खोटे बोलत होते.

ही गोष्ट सांगताना एक मोह होतो. जमशेदजी खरे बोलले आणि लगेच सारे ठीक झाले, असे सांगून मोकळे व्हावेसे वाटते. तसे झाले नाही. पेढी बंदच झाली, लंडनची बँक निघालीच नाही. घर सावरले ते पुढे आलेल्या एका संधीमुळे. ॲबिसिनियाच्या राजाने इंग्रज वकिलाला कैदेत टाकले, म्हणून १८६७ च्या अखेरीस सर रॉबर्ट नेपियर यांची मोहीम मुंबईहून निघाली. त्या सैन्याला सामग्री पुरवण्याच्या कंत्राटात नसरवानजींना भागी मिळाली आणि चांगला नफा झाला. यात नशीब होते, हे मान्य करायलाच हवे. जमशेदजींना इंग्रजी येत होते, वडिलांचे नाव बाजारात होते. खानावळ बुडालेल्या माणसापाशी यातले काही नसते. माझ्या मते मात्र, १८६५ मध्ये लंडनहून पळून आलेल्या माणसाच्या घराण्याला १८६७ मध्ये असे कंत्राट मिळणे अवघड गेले असते.

१८६८ मध्ये जमशेदजींनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. त्यानंतरची त्यांची पहिली मोठी खरेदी पाहण्यासारखी आहे. चिंचपोकळीची एक दिवाळे निघालेली तेलाची गिरणी त्यांनी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी नफ्यात विकली. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिची कथा सर्वांना माहीत आहे.

१८८६ मधली कुर्ल्याची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. धरमसी मिल नावाची आणखी एक बुडालेली गिरणी त्यांनी साडेबारा लाखांना घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. यंत्रे जुनाट निघाली, माल परत येऊ लागला, शेअरचा भाव पडला. कर्ज मागितले तर बँकेने नकार दिला. वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग वेगळ्या रूपात पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी त्यांनी एम्प्रेसमधले आपले शेअर विकले आणि नागपूरची अनुभवी माणसे कुर्ल्याला आणून बसवली. गिरणी हळूहळू रुळावर आली. ती सोडून दिली असती तर कायद्याने त्यांना कोणी अडवले नसते.

१८९३ मध्ये योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या बोटीवर त्यांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली, हे आपण सारे जाणतो. २३ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांनी स्वामीजींना विज्ञान संशोधनाच्या संस्थेविषयी पत्र लिहिले. त्या संस्थेसाठी त्यांनी मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार भूखंड देऊ केले. त्यांची किंमत तेव्हा तीस लाख रुपये होती. म्हैसूर दरबाराने बंगळूरला ३७१ एकर जमीन दिली. संस्था उभी राहिलेली त्यांना पाहता आली नाही, १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पहिले विद्यार्थी १९११ मध्ये आले. लंडनमध्ये ज्याचे कागद रद्दी झाले होते, त्याने योजलेल्या संस्थेसाठी एका संस्थानाने इतकी जमीन तोडून दिली.

आमच्या साधकांनी तुकोबांचे नाव काढले. दुष्काळात तुकोबांचेही दिवाळे निघाले होते, आणि पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. खरे आहे. पण तुकोबांनी बुडवली ती लोकांकडून येणे असलेली खते, स्वतःचे देणे नव्हे. हा फरक आपण अनेकदा विसरतो.

मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. बंगळूरसारख्या शहरात एकट्या माणसाच्या नादारीला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. त्यात पाचशे रुपये कर्ज असलेला माणूसही अर्ज करू शकतो. २०१६ च्या नव्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग आजवर कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू झाला आहे. तडजोड केली तर पतनोंदीत खाते पूर्ण फेडल्याचा नव्हे, तडजोडीचा शेरा येतो आणि काही वर्षे नवे कर्ज अवघड जाते. लोकअदालतीत मिटले तर तो निवाडा अंतिम असतो. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, हेही त्यांना माहीत नव्हते. रात्री दहाला येणारे फोन ते निमूट घेत होते.

कोणती वाट घ्यायची ते त्या दिवशी ठरले नाही. आधी सगळ्या देण्यांची एक यादी करायची, एवढेच ठरले. बँकेचे, जागामालकाचे, किराणावाल्याचे आकडे त्यांनी भराभर लिहिले. मेहुण्याचे नाव लिहिताना पेन थांबले, कारण ती रक्कम घरात कोणालाच ठाऊक नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी तीही लिहिली आणि घरी फोन लावला. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिलाच फोन. बोलायला ते बाहेर गेले नाहीत.